आतून टकटक

दार सगळे बाहेरून वाजवतात. जनुभाऊ आतून वाजवायचे. तीनदा टकटक, मग जरा थांबून आवाज, "वहिनी, उजेड हाय का?"

मी काउंटरवरून उठायचे, दुकानाच्या काचेवरचा जाड निळा पडदा ओढायचे, ट्यूबलाइट बंद करायचे आणि म्हणायचे, "या." मग डार्करूमचं दार बोटभर उघडायचं. आधी ओल्या फोटोंची ताटली धरलेला हात बाहेर यायचा, मग टोपी, आणि मग जनुभाऊ. गिऱ्हाईक भांग पाडायला आरशासमोर उभं असलं तर त्याचा भांग अर्धाच राहायचा. एका बाईंनी तर घाबरून "चोर, चोर" असा ओरडा केला होता. मी त्यांना सांगितलं, "चोर नाही हो, आमचे जनुभाऊ आहेत. तुमचा फोटो तेच धुणार आहेत." बाईंचा विश्वास बसला नसावा, कारण फोटो न्यायला त्यांनी मुलाला पाठवलं.

जनुभाऊंच्या अंगात जन्मापासूनच रंग नव्हता. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. कातडी गुलाबी. डोळे फिकट आणि सतत हलणारे, उजेडात तर ते उघडायचेच नाहीत. कोळीवाड्यात त्यांना गोरा म्हणायचे आणि वर्तकनगरातली पोरं इंग्रज म्हणायची. डॉक्टरांकडे या प्रकाराला एक लांबलचक नाव होतं, ते मी तीनदा ऐकलं आणि तीनदा विसरले. एवढं लक्षात राहिलं, की आपल्या कातडीत उन्हाला अडवणारं जे काही असतं ते त्यांच्यात नव्हतं. दहा मिनिटांच्या उन्हाने त्यांच्या अंगावर फोड यायचे.

स्टुडिओ मूळचा आमच्या ह्यांचा. वर्तकनगरातल्या चाळींच्या खालच्या दुकानांच्या रांगेत, शिंप्याच्या आणि पिठाच्या गिरणीच्या मधे. कोळीवाड्यातल्या कुठल्याशा लग्नाचे फोटो काढायला हे गेले होते, तिथे घराच्या अगदी आतल्या खोलीत, जाळ्यांच्या ढिगामागे हा पंचविशीचा माणूस त्यांना बसलेला दिसला. घरात लग्न आणि हा जाळी विणतोय, तीही अंधारात, चाचपून. ह्यांनी विचारलं, अंधारात काम करता येतं का? जनुभाऊ म्हणाले, "तेवडंच येतं." दुसऱ्या दिवसापासून ते कामाला. सूर्य उगवायच्या आत खाडीकडून चालत यायचे आणि सूर्य मावळल्यावर परत जायचे. पावसाळा असो नसो, हातात काळी छत्री, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि कानांवरून गुंडाळलेला पंचा.

हे अचानक गेले तेव्हा मी चाळिशीची होते आणि मला कॅमेऱ्याचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं तेही ठाऊक नव्हतं. मूलबाळ नाही. नातेवाईक म्हणाले, दुकान विकून टाक. दिवसकार्य झाल्यावर जनुभाऊ संध्याकाळी घरी आले, दाराबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, दुकान उघडा. फोटो तुमी काढा, बाकीचं मी बगतो." मी म्हटलं, "मला येत नाही." ते म्हणाले, "दादांना पन पयल्या दिवशी येत नव्हतं."

पहिले सहा महिने मी ठाण्यातल्या लोकांची डोकी उडवत होते. कुणाचं कपाळ नाही, कुणाची हनुवटी नाही. जनुभाऊ आतून ओरडायचे, "वहिनी, या साहेबांचं डोकं गेल्या खेपेच्या रिळात राहिलं असंल तर बगा." पण एकही फोटो त्यांनी गिऱ्हाइकाला वाईट दिसू दिला नाही. कापून, वाकवून, हाताच्या सावलीने उजेड अडवून ते असा फोटो काढून द्यायचे की गिऱ्हाईक मलाच शाबासकी द्यायचं. ती शाबासकी मी घ्यायचे. आता आठवलं की लाज वाटते.

फोटो मोठा करायच्या यंत्राला एन्लार्जर म्हणतात. त्याचा उजेड कागदावर किती सेकंद पाडायचा यावर सगळं अवलंबून असतं. त्यासाठी आमच्याकडे घड्याळ होतं, चांगलं जर्मन. जनुभाऊंनी ते कधी वापरलं नाही. ते निवट्या मोजायचे. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी छोटी मासळी. त्यांची आई टोपलीत टाकताना ज्या चालीत मोजायची त्या चालीत, "एक निवटी, दोन निवट्या, तीन निवट्या..." बाहेर काउंटरवर मला ऐकू यायचं. एकदा मी गंमत म्हणून घड्याळ लावून पाहिलं. वीस निवट्यांना बरोबर वीस सेकंद.

"उजेड मोजून द्याचा, वहिनी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "कमी झाला तर मानूस उमटत नाय. जास्ती झाला का करपतो." हे ते फोटोबद्दल बोलायचे की स्वतःबद्दल, असं मी कधी विचारलं नाही.

आमचं सगळं बोलणं त्या दारातून व्हायचं. समोरासमोर बसून आम्ही चौदा वर्षांत किती बोललो असू? फार तर तासभर. पण दार मधे असलं की जनुभाऊ मोकळे व्हायचे. त्यांच्या वडिलांची गोष्ट त्यांनी मला अशीच सांगितली, तुकड्या-तुकड्याने, ताटलीत कागद हलवता हलवता. वडील म्हणायचे, कोळ्याचा पोर आणि पाण्यावर नाही? आईचं न ऐकता त्यांनी सात वर्षांच्या जनुभाऊंना होडीत घातलं. दुपारी परत आणलं तेव्हा पाठीची, तोंडाची, कानांची कातडी सोलून निघाली होती. "आय रडली. बा काय बोलला नाय. पन मंग त्याने मना कवाच पान्यावर बोलावला नाय." मग ताटलीतला कागद उलटवत म्हणाले, "पान्यावर नाय आनि मंग घरात पन नाय."

नारळी पौर्णिमेला कोळीवाडा सजायचा, बँड लागायचा, दुपारपासून मिरवणूक निघायची. त्या दिवशी हमखास जनुभाऊ कामावर असायचे. मी म्हटलं, "अहो, आज तरी सुट्टी घ्या." आतून उत्तर आलं, "घरात बसून भिंतीला कान लावाचा त्यापरीस हितं बरं. हितं तुमचा आवाज तरी येतो." संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्याशीही कुणी बोलायला नसायचं. त्यामुळे मीही दुकान बंद करायला रेंगाळायचे आणि ऊन उतरायची वाट त्यांच्याबरोबर मीही पाहायचे.

जेवण ते आतच करायचे. सुक्या बोंबलाचा वास दाराखालून सुटायचा आणि मी नाकाला पदर लावून कुरकुर करायचे. त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "बोंबलाला फोटोत वास नसतो, वहिनी."

नव्वदच्या दशकात रंगीत फोटोंची यंत्रं आली आणि आमचं डार्करूमचं काम ओसरलं. लग्नं, बारशी सगळं रंगीत झालं. ते रोल मी बाहेर लॅबला द्यायचे. जनुभाऊंकडे उरले शाळांचे ओळखपत्राचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो. कुणी वारलं की घरचे लोक जुना ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि त्यातल्या वाटाण्याएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हा मोठा करून द्या, तेराव्याला पाहिजे." जनुभाऊ तो चेहरा असा काढायचे की घरचे लोक काउंटरवरच रडायचे. दृष्टी इतकी अधू, की कागद नाकाला टेकेपर्यंत जवळ न्यावा लागायचा. लाल दिव्याखाली, दिव्यापासून वीतभर अंतरावर तोंड धरून ते काम करायचे.

त्या लाल दिव्याबद्दल सांगायला हवं. फोटोच्या काळ्यापांढऱ्या कागदाला लाल उजेड कळत नाही. लाल दिवा कितीही वेळ जळू दे, कागद कोरा राहतो. म्हणून डार्करूममध्ये तो चालतो. जनुभाऊ म्हणायचे, "लाल दिव्यात कागद आंधला असतो. आपन त्याला बगतो, तो आपल्याला बगत नाय." आमच्या धंद्यात लाल दिव्याला उजेड म्हणतच नाहीत. तो लावलेला असला तरी मी विचारायचे, "अंधार आहे का?" आणि ते आतून म्हणायचे, "हाय, अंधारच हाय."

पन्नाशीच्या अलीकडेच त्यांच्या नाकावर, कपाळावर, हातांच्या पाठीवर खरखरीत खवले धरायला लागले. खरवडले की रक्त यायचं, पुन्हा धरायचे. डाव्या कानाशेजारी एक डाग होता, तो जरा वेगळा, कडेने उचललेला. मी मागेच लागले तेव्हा ते दाखवायला तयार झाले. ठाण्यातच एक तरुण त्वचेचे डॉक्टर होते, परदेशात शिकून नुकतेच आलेले. संध्याकाळी दिवेलागणीनंतर आम्ही गेलो. डॉक्टरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे सगळं लहानपणच्या उन्हाचं आहे. ऊन आत जमत राहतं, आणि पन्नाशीला वर येतं." जनुभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "बगा, बा अजून हाय माझ्याबरोबर."

डॉक्टरांनी एका नव्या उपायाबद्दल सांगितलं. एक मलम लावायचं. खराब झालेल्या कातडीत ते जास्त मुरतं. चार तास झाकून अंधारात ठेवायचं आणि मग त्यावर विशिष्ट दिव्याचा उजेड ठरलेला वेळ पाडायचा. उजेड पडला की मलम जागं होतं आणि खराब कातडी तेवढी जाळून टाकतं. कापाकापी नाही, मोठे व्रण नाहीत. महिन्याच्या अंतराने तीन खेपा. मलमाच्या मोजक्याच ट्यूब त्यांनी ओळखीने बाहेरून मागवल्या होत्या. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "कानाशेजारचा डाग मला आवडलेला नाही. तिन्ही खेपा पुऱ्या झाल्या तर तो जाईल असं वाटतं. राहिला आणि वाढला, तर मात्र कापावं लागेल, आणि त्याच्यापुढे मी काही सांगू शकत नाही."

मी घाबरले. जनुभाऊंना मात्र हसू आलं. "औषध लावाचं, अंधारात ठेवाचं, मंग मोजून उजेड द्याचा. वहिनी, डॉक्टर माझा फोटो धुनार!"

पहिली खेप ठीक झाली. म्हणजे, दुखलं फार. डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधून त्यांना आत झोपवलं होतं, मी बाहेर बाकावर बसले होते. दाराआडून मला निवट्या ऐकू येत होत्या. आधी मोठ्याने, मग दात आवळून, पण मोजणं थांबलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं, "तोंडावर कुनी मिरच्या वाटत होतं. पन डॉक्टरांच्या घड्यालात आनि माझ्यात चार निवट्यांचाच फरक पडला." डॉक्टरांनी बजावलं, "आता दोन दिवस पूर्ण अंधारात. औषध अजून कातडीत आहे. ऊन नको, दिवे नकोत." जनुभाऊ म्हणाले, "डॉक्टर, मना अंधारात बसाला सांगताव?" डॉक्टरही हसले. आम्ही तिघंही हसलो.

त्यांच्या घरी पत्र्याच्या फटींतून ऊन यायचं, भावाची पोरं दार उघडी टाकायची. म्हणून ते दोन दिवस त्यांनी डार्करूममध्येच काढायचे असं ठरलं. तोंड पंचाने गुंडाळून, पडदे लावलेल्या रिक्षातून मी त्यांना आणलं, आत सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला. लाल दिवासुद्धा लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच चाळीतल्या एका म्हातारीची मुलगी आणि जावई आले. आई गेली होती, उद्या तेरावा होता. आईचा जगात एकच फोटो, तोही कुणाच्या तरी मुंजीतला, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा पुढच्याच्या खांद्याआड. मुलगी एवढंच म्हणाली, "काकू, मला तिचा चेहरा पाहिजे हो." मी नाही म्हणू शकले नाही. दुसरीकडे पाठवता आलं असतं. पण तो अर्धा झाकलेला चेहरा जनुभाऊंशिवाय कुणाला काढता आला नसता, हे मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर, आमच्या दुकानाची ती एवढीच शान उरली होती, ती मला दुसऱ्याच्या हातात द्यायची नव्हती.

फोटोवरून फोटो घेऊन मी निगेटिव्ह तयार केली आणि डार्करूमचं दार वाजवलं. काम सांगितलं. आत सतरंजी सरकल्याचा आवाज झाला. मग जनुभाऊ म्हणाले, "डॉक्टर उजेड नको बोलले."

मी म्हटलं, "लाल दिवा हा काय उजेड आहे का?"

"नाय. तो कागदाला पन दिसत नाय."

"मग कातडीला कुठून दिसणार?"

हे माझं वाक्य. मी ते असं सहज, दाराला टेकून, पदराने हात पुसत म्हटलं. जनुभाऊंना ते पटलं. एन्लार्जरच्या पांढऱ्या उजेडाची त्यांनी काळजी घेतली. तो लावताना तोंड भिंतीकडे फिरवीन, असं मला सांगितलं आणि तसंच केलं. तीन तास ते काम करत होते. निवट्या ऐकू येत होत्या, मी निर्धास्त होते. दुपारी तीनदा टकटक झाली. मी पडदा ओढला, दिवा घालवला. फोटो असा होता की त्या म्हातारीला पाहून मलाही भरून आलं. फोटो देताना जनुभाऊंनी पंचा तोंडावरून काढला नाही. म्हणाले, "जरा हुलहुलतंय."

संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा सुजून डोळे मिटले होते. नाक, कपाळ, कान लालभडक, पाणी सुटलेलं. भाऊ नारायण येऊन त्यांना घेऊन गेला. मी डॉक्टरांकडे येते म्हटलं तर जनुभाऊंनी हात हलवून नको म्हटलं. "नारायन हाय ना."

पंधरा दिवसांनी ते कामावर आले. कातडी नवी, गुलाबी, नाकावरचे खवले गेलेले. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले? पुढची खेप कधी?"

"बोलले, बरं झालं. आता यायची गरज नाय."

"कानाचं?"

"ते पन."

मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं मला सोयीचं होतं. त्या दिवशी काय झालं ते विचारायची वेळच मग माझ्यावर येणार नव्हती. आम्ही दोघंही त्याबद्दल पुन्हा बोललो नाही. कान तर पंचाखाली झाकलेलाच असायचा.

दीड वर्ष गेलं. एका उन्हाळ्यात आतून धप्पकन आवाज झाला. मी दार वाजवलं, उत्तर नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा न विचारता मी दार उघडलं. उकाड्याने घेरी येऊन ते खाली बसले होते आणि पंचा सुटला होता. कानाशेजारी डाग नव्हता, गाठ होती. लिंबाएवढी, मधे फुटलेली. तिच्याखाली मानेत आणखी एक.

मी त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले, एकटीच. त्यांच्याशी भांडायचं असं ठरवूनच गेले होते. "बरं झालं म्हणून तुम्ही सोडलंत कसं त्यांना?" डॉक्टरांनी कागद काढले. म्हणाले, "मी सोडलं नाही. ते दुसऱ्या दिवशी उन्हात फिरले. त्यांनीच सांगितलं मला, मासळीबाजारात गेलो म्हणून. मी रागावलो. इतकं बजावूनही ऐकत नसतील तर मोजक्या ट्यूब मी ऐकणाऱ्या पेशंटला देईन असं म्हणालो. वाटलं, घाबरून परत येतील. ते आलेच नाहीत."

"जनुभाऊ? उन्हात?" मी जवळजवळ ओरडलेच. "डॉक्टर, तो माणूस आयुष्यात एकदा उन्हात गेलाय, सात वर्षांचा असताना. त्या दिवशी ते माझ्या डार्करूममध्ये होते. आत फक्त लाल दिवा होता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते उठले, मला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि त्या उपचाराच्या दिव्याचं बटण दाबलं.

दिवा लाल होता.

खोलीभर तोच उजेड, आमच्या डार्करूममधला, फक्त कितीतरी पट जास्त. डॉक्टर काहीतरी समजावून सांगत होते, लाल उजेड कातडीत खोलवर जातो, औषध त्यानेच जागं होतं, वीतभर अंतरावर तीन तास म्हणजे... मला पुढचं ऐकू आलं नाही. जनुभाऊंच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि मी बाहेर बाकावर बसले होते. त्या दिव्याचा रंग आम्हा दोघांनाही कधी कळला नव्हता. जगातल्या कुठल्याही माणसाने लाल दिव्यालाही दिवाच म्हटलं असतं. आम्ही त्याला अंधार म्हणत होतो.

डॉक्टरांनी स्वतः चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. कान काढावा लागला, मानेतल्या गाठी काढल्या. ते इस्पितळातून घरी आल्यावर मी कोळीवाड्यात त्यांना भेटायला गेले. आतली खोली, जाळ्यांचा ढीग, कोनाड्यात एक पणती. मी त्यांच्या उशाशी बसले आणि डॉक्टरांच्या दिव्याचा रंग सांगितला. मी ठरवून आले होते की रडायचं नाही, पण बसल्या बसल्या रडले.

"का खोटं बोललात हो डॉक्टरांशी? खरं सांगितलं असतं तर त्यांनी पुढच्या खेपा दिल्या असत्या. डाग गेला असता."

जनुभाऊंनी तोंड भिंतीकडे वळवलं. दार मधे नसलं की त्यांना बोलायला जमायचं नाही. मी उठले, खोलीच्या बाहेर गेले आणि दार लोटून घेतलं. उंबऱ्यापाशी बसले. मग आतून आवाज आला.

"वहिनी, खरं बोललो असतो तर डॉक्टरांनी तुमाला सांगितलं असतं. मंग तुमी मना परत काम सांगितलं असतं?"

"नसतं सांगितलं," मी म्हटलं.

"दार वाजवलं असतं?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"तुमी घाबरून मना घरी बसवलं असतं. पगार पन धाडला असता, मना ठावं हाय. पन मंग दिवसभर माझ्याशी बोलाला कोन होतं?"

मला त्यांचा राग आला. खरंच सांगते, आधी रागच आला. एवढ्यासाठी? माझ्या आवाजासाठी? मी काय बोलायचे त्यांच्याशी? "शाळेचे चाळीस झाले का", "बोंबील आवरा", "अंधार आहे का". एवढ्यासाठी माणूस औषध सोडतो? आणि मग लक्षात आलं की मीही दीड वर्ष नेमकं एवढ्यासाठीच कानाबद्दल पुन्हा विचारलं नव्हतं.

त्यानंतर ते महिनाभर कामावर आले. काम काहीच नव्हतं. आत बसायचे आणि मी बाहेर. लाल दिवा मी काढून टाकला होता. त्याबद्दल त्यांनी एकदाच विचारलं, "दिवा कुटं गेला?" मी म्हटलं, "गेला." ते म्हणाले, "त्याची काय चूक, वहिनी? तो त्याच्या रंगानं जलत होता." पावसाळ्यात त्यांचं येणं थांबलं, आणि नारळी पौर्णिमेच्या थोडं आधी ते गेले.

दहाव्याला नारायण दुकानात आला. टोपी हातात घेऊन काउंटरपाशी उभा राहिला. "वहिनी, दादाचा एक फोटो द्या. तेराव्याला ठेवाचा हाय."

वर्तकनगरातल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर जनुभाऊंनी धुतलेले फोटो होते. त्यांचा स्वतःचा एकही नव्हता. मी कितीदा म्हटलं होतं, बसा, एक काढते. दर वेळी उत्तर एकच, "पांढऱ्या कागदावर पांढरा मानूस कशाला वाया घालवताव?" आणि मीही आग्रह धरला नव्हता. आधी दिवे, मग फ्लॅश, त्यांच्या डोळ्यांना सोसणार नाही, ही सबब मला पुरेशी होती.

"नाहीये रे नारायण," मी म्हटलं. "एकही नाही."

तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "मंग तुमीच सांगा कसा दिसाचा. आमी पन त्याला उजेडात कवा नीट बगितला नाय."

मी सांगायला गेले आणि मला सांगता येईना. हात आठवला, टोपी आठवली, पंचा आठवला. आवाज तर सगळा आठवला. चेहरा म्हणून ज्याला म्हणतात तो मी पडदा ओढल्यावर, दिवा घालवल्यावर पाहिलेला.

नारायण गेला. मी शटर अर्धं ओढलं आणि डार्करूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. कितीतरी दिवसांनी आत गेले होते. औषधांचा आंबूस वास होता, आणि त्याखाली अजून बोंबलाचा. आत मिट्ट काळोख. मी त्यांच्या स्टुलावर बसले. त्यांना बाहेरचं काय काय ऐकू येत असेल ते ऐकत राहिले. गिरणीचा पट्टा, शिंप्याचं मशीन. एवढंच. माझ्या आवाजाशिवाय दिवसभर एवढंच.

निघायला उठले. दाराशी आले तेव्हा हात आपोआप वर गेला आणि मी आतून तीनदा टकटक केली. बाहेर कुणी नाही हे मला माहीत होतं. तरी थांबले. एक निवटी, दोन निवट्या, तीन निवट्या. वीसपर्यंत मोजलं.

मग दार मीच उघडलं. दुकानातली ट्यूबलाइट तशीच चालू होती.